विमानाला शेंदूर

रंगाच्या बाबतीत माणसानं मत देऊ नये, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी मी देत असे. शेजाऱ्यांची भिंत पिस्ता बरी की मोतिया, यावर मी जिन्यात उभा राहून अर्धा अर्धा तास बोललेलो आहे. आता कोणी विचारलं तर मी "छान आहे" म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. मुळात मी वजनमापे खात्यातला माणूस. काटा शून्यावर आहे की नाही, एवढंच बघायची मला सवय. रंग हा आमच्या खात्याचा विषयच नव्हे.

आमच्या वाशीच्या सेक्टरातल्या बागेत एक विमान आहे. सिमेंटचं नव्हे, खरं. हवाई दलातून निवृत्त झालेलं, एकट्या वैमानिकानं बसायचं लढाऊ जेट. इंजिन काढून घेतलेलं, बसायच्या जागेवर पत्रा ठोकलेला. ते ट्रेलरवरून आलं आणि चौथऱ्यावर बसलं तेव्हा लोकांनी पुढे उभं राहून फोटो काढले. नंतर पोरांनी पंखाची घसरगुंडी केली. त्यानंतर समोरच्या बिल्डिंगमधल्या गोधड्या त्याच्या शेपटीवर वाळू लागल्या. नव्या वसाहतीत ऊन मुबलक, पण दोरी बांधायला झाड नाही, तेव्हा बायकांना तरी कुठल्या तोंडानं बोलणार. आमचीही एक गोधडी होती.

गोष्ट ब्याऐंशी सालची. त्या ऑक्टोबरात हवाई दलाला पन्नास वर्षं होत होती. अशा सणाला हवाई दलात एखाद्या विमानाला खास रंग देतात. एरवी लढाऊ विमानाचा रंग हा ते दिसू नये म्हणून असतो. हा दिसावा म्हणून देतात. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, तसंच ते. सत्तावन्न साली पंचवीस वर्षं झाली, तेव्हा नानांच्या स्क्वाड्रननं एक विमान असं सजवलं होतं. अंगाला एक रंग, शेपटीवर तीन पट्टे. आमच्या बागेतलं विमान नेमकं त्याच जातीचं.

नाना म्हणजे माझे सासरे, दिनानाथ मायदेव. हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. उडणारे नव्हेत, विमान उडायच्या लायकीचं आहे, असं सही करून सांगणारे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू समोर आली की ती लायकीची आहे का, हे ते आधी बघतात. लग्नात त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं होतं. सही केली, पण नाखुषीनं. त्यांच्या नाशिकच्या घरी मी फ्यूज बदलायला घेतला, तर त्यांनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेऊन तो पकडतात कसा, हे दाखवलं. आंबे नेले, तर एक उचलून दाबला आणि काही न बोलता परत ठेवला. मला फार नको होतं. "बरं केलंत, जावईबापू" एवढं एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यात "जावईबापू" ते म्हणतच असत. पहिले दोन शब्द राहिले होते.

त्या साली नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन दिवाळीनंतर. माणूस आणि खांब यांतला फरक त्यांना खांब बोलला नाही म्हणजे कळायचा. सुमेधा, म्हणजे आमची ही, मनातून फार घाबरलेली होती. त्या काळात ऑपरेशननंतर दिसेलच, अशी खात्री कोणी देत नसे. मला एकदम सुचलं की नानांची दृष्टी आहे तोवर बागेतलं विमान त्यांच्या रौप्यमहोत्सवी रंगात रंगवून त्यांना दाखवावं. इतका चांगला विचार मला सहसा सुचत नाही. त्यामुळे तो थंड व्हायच्या आत मी नाशिकला पत्र टाकलं: "हवाई दल दिनाला इकडे या. तुमच्या स्क्वाड्रनचं विमान सत्तावन्न सालच्या त्याच रंगात तुम्हाला दाखवतो."

पत्र टाकून घरी आलो आणि सुमेधानं माहेरून आणलेल्या आल्बममधली त्या विमानाच्या फोटोची प्रत नीट बघितली. फोटो काळा-पांढरा होता.

सुमेधा म्हणाली, नानांनाच विचारा की कोणता रंग होता ते. मी म्हटलं, मग त्यात आश्चर्य काय राहिलं? ती म्हणाली, आश्चर्य आहेच, फोटो न बघता पत्र टाकलंत याचं. नवऱ्याच्या स्वाभिमानाला बायका कुठे हात घालतील, याचा नेम नसतो. शिवाय चौथ्या दिवशी नानांचं कार्ड आलं. त्यात "येतो. जरूर येतो." असं लिहिलेलं. नाना पत्रात एक शब्द दोनदा लिहिणारे नव्हेत. तेव्हा परतीचा रस्ता बंद झाला.

मी तो फोटो सोसायटीच्या मीटिंगमध्ये फिरवला, ही माझी पहिली चूक. तसं बघितलं तर दुसरी. फोटोत अंगाचा रंग मधला करडा, आणि शेपटीचे पट्टे एक फिका, एक गडद, एक त्याहून गडद. आमचे चेअरमन वामनराव चौबळ यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाला लावला आणि अंगाचा रंग भगवा असल्याचं जाहीर केलं. करड्याच्या आतून त्यांना तो स्पष्ट दिसत होता. खजिनदार धर्मराज गमरे पोस्टात असतात, प्रत्येक गोष्ट पुराव्यानिशी बोलतात. ते म्हणाले, विमान आकाशात उडतं, हवाई दलाचा झेंडा निळा, तेव्हा रंग निळा असणार हे शाळकरी पोरही सांगेल. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात युनियनचं काम करणारे नंदकिशोर म्हणाले, फोटोत लाल नेहमी काळपट येतो, म्हणजे जे गडद आहे ते सगळं लाल. आता भगवा, निळा आणि लाल हे आमच्याकडे नुसते रंग नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. मीटिंग पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावली होती. टाकी गळत राहिली.

वास्तविक तिघंही भांडखोर नव्हेत. चौबळांच्या नातवाचा ताप गमरे रात्रभर उशाशी बसून बघतात, आणि नंदकिशोरांच्या संपात चौबळांनी घरी पिठलं-भाकरीचा डबा पाठवलेला मी पाहिला आहे. पण विमानाच्या बाबतीत कोणी मागे हटेना. मधला मार्ग म्हणून मी तीन पट्ट्यांना तिघांचे तीन रंग वाटून देऊ केले. मग अंगाचा कोणता, यावरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

मी फोटो घेऊन मार्केटमधल्या स्टुडिओत गेलो. काळ्या-पांढऱ्या फोटोत हातानं रंग भरून देतात, असं ऐकलं होतं. स्टुडिओवाल्यानं फोटो पाहिला, मान डोलावली, कुंचला पाण्यात बुडवला आणि मला विचारलं, "कोणता रंग भरू?"

तिथून उद्यान विभागात. विमान बागेत आहे, तेव्हा परवानगी बागेची, एवढा साधा हिशोब मी केला होता. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि समजावलं की बागेत तीन प्रकार असतात: झाडं, बाकं आणि खेळणी. विमान झाड नाही. त्यावर बसतात, पण ते बाक नाही. तेव्हा ते खेळण्यांत मोडतं, आणि खेळण्यांचा मंजूर रंग पिवळा-हिरवा. मी म्हटलं, साहेब, हे लढाऊ विमान आहे. ते म्हणाले, असेल, पण झोपाळ्याला एक न्याय आणि विमानाला दुसरा असं करता येत नाही. वेगळा रंग हवा असेल तर हवाई दलाचं पत्र आणा. हवाई दलाला मी लिहिलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. विमान आता आमचं नसून आपल्या बागेचं आहे, असं त्यांनी कळवलं आणि माझ्या देशप्रेमाबद्दल आभार मानले.

एवढ्यात चौबळांच्या ओळखीनं सिताराम आला. हा उरणचा, मासेमारीच्या बोटी रंगवणारा. त्यानं विमानाला एक फेरी मारली, पोटावर दोन टिचक्या मारल्या आणि आमचे तीन पक्ष तावातावानं बोलत होते ते विडी संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुमचा वाद काय आज मिटत नाय. तंवर मी येक हात खालचा मारून ठेवतो. बोटीला मारतो तोच. खालचा बसला का वरती कोनता बी रंग बसते."

त्या महिन्यात मला भेटलेलं हे पहिलं शहाणं माणूस, असं मला वाटलं. जहाजाला चालतो तो रंग विमानाला का चालू नये? उलट जहाजाला खारं पाणी लागतं, विमानाला नुसती हवा. उद्यान विभागाच्या साहेबांनाही खालच्या हाताबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांचा नियम वरच्या रंगाला होता. सितारामनं नाकापासून शेपटीपर्यंत विमान रंगवून काढलं, "नारळी पुनवेनंतर येतो" म्हणून गेला, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या त्यांच्याबरोबर तोही गेला.

बोटींच्या बुडाला लावतात तो खालचा हात कोणत्या रंगाचा असतो, हे मी आधी विचारलं नव्हतं. तो शेंदरी असतो. असा तसा नव्हे. जवसाच्या तेलात कालवलेला, जाड, चकचकीत, अगदी वेशीवरच्या मारुतीला असतो तसा.

बागेच्या फाटकाशी गोजराबाई सुकट आणि बोंबील घेऊन बसायची. वाशीगावातली. तिचा मुलगा गोटीराम वेल्डर म्हणून आखातात गेला होता आणि त्याचं पत्र बरेच महिने आलं नव्हतं. एका शनिवारी सकाळी ती पाटी घेऊन आली, तिनं विमान पाहिलं, पाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि विमानाच्या नाकावर जास्वंदीचं फूल ठेवून नारळ फोडला. मी दूध आणायला निघालो होतो. मी तिला सांगितलं, बाई, हा नुसता खालचा हात आहे, अजून रंग द्यायचाय. ती माझ्याकडे बघून हसली. लहान पोर काहीतरी बोललं की हसतात तशी.

"यानंच माज्या गोटीरामाला नेला," ती म्हणाली. "आता याला शेंदूर चढलाय, म्हंजे जागा झालाय तो. नेला त्यानं, तर आनल बी तोच."

त्या वर्षी वाशीपासून उरण-पनवेलपर्यंत कोणाचा ना कोणाचा मुलगा, भाऊ, मेहुणा आखातात होता, किंवा जाण्यासाठी पासपोर्ट उशाशी घेऊन झोपत होता. पुढच्या शनिवारी बागेत दहा-पंधरा बायका होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी रांग लागली. हा वायूचा पुत्र, उडतो, शेंदूर आहे आणि शेपूटही आहे, यापलीकडे कोणाला काही पुरावा लागला नाही. रुईच्या पानांच्या माळा आल्या. पंखाला घंटा लागली. नाकावरून तेलाच्या धारा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो होतो. ती अशी माझ्याच बागेत चौथऱ्यावर येऊन बसेल, असं वाटलं नव्हतं.

विमानावर गोधड्या वाळणं बंद झालं, एवढा एक फायदा झाला. चौबळ सकाळी अंघोळ करून दर्शनाला जाऊ लागले आणि "मी म्हणत होतो, भगवाच" असं येता-जाता मला ऐकवू लागले. गमरे मात्र खवळले. विमान ही विज्ञानानं माणसाला दिलेली देणगी आहे, तिला तेल ओतून तुम्ही तिचा आणि आपल्या अकलेचा अपमान करताय, असं त्यांनी रांगेपुढे उभं राहून स्वच्छ सांगितलं. ते अगदी बरोबर बोलत होते. गोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. गमरे त्या तुकड्याकडे बघत राहिले, मग खोबऱ्याचा काय दोष म्हणून त्यांनी तो खाल्ला.

मी पुन्हा उद्यान विभागात गेलो. साहेब म्हणाले, आता ते खेळणं राहिलेलं नाही, धार्मिक स्थळ झालं, आमच्याकडे येत नाही; अतिक्रमण विभागात जा. अतिक्रमणवाले म्हणाले, देऊळ आधी नव्हतं आणि नंतर बांधलं तर ते अतिक्रमण; इथे तर वस्तू आधीपासून जागेवर आहे, देवच नंतर आलाय. देवावर कारवाई आम्ही कोणत्या कलमाखाली करणार?

ऑक्टोबर आला. नानांनी बसचं तिकीट काढल्याचं कळवलं. माझी झोप उडाली. सुमेधाचं म्हणणं, आता तरी खरं लिहून टाका. पण मी मनात हिशोब केला, की निदान एक बाजू खरवडली आणि त्यावर कोणताही, अगदी कोणताही रंग दिला, तरी नानांना त्या बाजूनं उभं करता येईल. म्हणून मी कामाच्या दिवशी रजा टाकली आणि भर दुपारी, बाग मोकळी असताना, पॉलिश पेपर घेऊन शेपटीशी बसलो. कचेरीत मी साहेबांसमोरही खुर्चीवर बसतो. इथे उकिडवा बसून चोरासारखा मारुतीची शेपटी घासत होतो.

चार हात मारले असतील, एवढ्यात मागे गोजराबाई उभी. ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती ओरडली नाही.

"माजा पोरगा परदेशान हाय," ती म्हणाली, "नि तुमी हितं खाली त्याचा देव खरवडताव?"

मी पॉलिश पेपर खिशात घातला. तिला म्हणालो, धूळ पुसत होतो. तिनं मला पदरानं वारा घातला, बसायला सांगितलं आणि उन्हात माणसाचं डोकं फिरतं म्हणून पाणी दिलं. इतकी लाज मला फ्यूजच्या वेळीही वाटली नव्हती.

नाना शुक्रवारी संध्याकाळी आले. शनिवारी सकाळी बघायला जायचं ठरलं. मी ठरवलं होतं की वाटेत सगळं सांगून टाकायचं. घरापासून बाग काही फार लांब नाही, पण नाना सुमेधाचा दंड धरून हळूहळू चालत होते, त्यामुळे वेळ होता. मी "नाना, एक सांगायचं होतं" असं म्हटलंही. पण त्या माणसानं त्या दिवशी माझ्याआधी बोलायचं ठरवलं होतं. लग्नानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदाच.

"जावईबापू, तुम्हाला हा रंग सापडला कसा, ते मला सांगा," ते म्हणाले. "मला पंचवीस वर्षांत सापडला नाही."

मी थांबलो. सुमेधाही थांबली.

"मी तेव्हा तिथे नव्हतो ना. महिनाभर आम्ही त्या विमानावर राबत होतो, आणि रंग द्यायच्या आठवड्यात नाशिकहून तार आली. हिची आई अडली होती. रजा टाकून आलो. ही झाली, दोघी वाचल्या. परत गेलो तर विमान धुऊन पुन्हा रोजच्या रंगात. एकानं त्याचा फोटो दिला. रंग कोणता होता म्हणून विचारलं, तर एक म्हणे नारिंगी, एक म्हणे निळा. दोघांची मारामारी व्हायची वेळ आली. मग मी विचारणं सोडलं."

आपले वडील आपल्या बारशाला तरी होते का, असा टोमणा सुमेधा नानांना अधूनमधून मारत असे. ती त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरून चालू लागली. आता या माणसाला मी काय सांगू, की तुमचा रंग मलाही माहीत नाही, आणि जो दिलाय तो बोटीच्या बुडाचा आहे?

बागेत शनिवारची रांग होती. चौबळ होते, नंदकिशोर होते, गमरे आदल्या शनिवारसारखेच पुन्हा समजावायला आलेले. नानांना बघून सगळ्यांनी वाट करून दिली. आम्ही बोलावल्याचं साऱ्या सेक्टरला माहीत होतं. माझी फजिती बघायला दोन बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आलेली होती. नाना चौथऱ्यापुढे उभे राहिले. मान थोडी वाकडी करून, ज्या कोपऱ्यातून थोडंफार दिसत होतं त्या कोपऱ्यातून, त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. शेपटीवर रुईच्या माळा होत्या, मध्ये झेंडूची एक.

"नारिंगी," नाना म्हणाले. "आणि शेपटीला हिरवे पट्टे. मधला पिवळा."

मी चौबळांकडे बघितलं. चौबळ गमऱ्यांकडे बघत होते. गमरे खोटं ऐकून घेत नाहीत, आता ते पुराव्यानिशी सगळं सांगणार, म्हणून मी डोळे मिटले. नाना हात पुढे करून विमानाला लावायला गेले.

"हात लावू नका नाना," गमरे म्हणाले, "रंग ओला आहे."

नंदकिशोर लगेच म्हणाले, हो, कालच दिलाय. चौबळ म्हणाले, फोटोवरून हुबेहूब. गॅलरीतून सुद्धा कोणीतरी "हुबेहूब" म्हणालं. ज्या माणसांचं महिनाभर एका पट्ट्यावर एकमत झालं नव्हतं, ती सगळी एका क्षणात एका रंगावर आली होती. फक्त गोजराबाईला यातलं काही माहीत नव्हतं. हा म्हातारा कोण, म्हणून तिनं विचारलं. नाना म्हणाले, मी ह्या विमानांची देखभाल करायचो, बाई. झालं. तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या लेखी ते या देवाचे पुजारी.

"बाबा, यो नेतो तो परत आनतो का?" तिनं विचारलं.

नानांनी चाचपडत तिचा खांदा धरून तिला उठवलं. मग म्हणाले, "आमचं तेच काम होतं. गेलेलं परत येईपर्यंत खाली उभं राहायचं. बहुतेक येतात. उशीर होतो कधी."

तिला तेवढं पुरलं. तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. नानांनी ते खाल्लं, माझ्याकडे, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिथे, तोंड वळवलं आणि म्हणाले, "बरं केलंत, जावईबापू."

तिथे एक खांब होता. पण शब्द माझ्यासाठी होते, आणि ते सगळ्यांनी ऐकले. ज्यासाठी चार वर्षं जीव टाकला ते मिळालं, आणि मला ते गिळता येईना. दिवसभर मी घरात तोंड चुकवत फिरलो. दुपारी नाना झोपल्यावर सुमेधा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, त्यांना सगळं माहीत आहे.

"काय माहीत आहे?"

"मला घरी येताना म्हणाले, रंगा-तेलात मी अर्धं आयुष्य काढलंय, हा वास मला झोपेतही कळेल, हे रेड लेड आहे, लोखंडाला गंज धरू नये म्हणून लावतात ते. आणि झेंडूचा वास यायला काही डोळे लागत नाहीत."

मग मला काहीच कळेना. रंग खोटा आहे हे त्यांना ठाऊक, आम्ही सगळे खोटं बोललो हेही ठाऊक. मग बरं काय केलं मी? तेवढ्याशा शब्दांचं वजन करायला कोणता काटा लावायचा, हे आमच्या खात्यात शिकवत नाहीत. संध्याकाळच्या चहाला मी मनाचा हिय्या करून नानांना विचारलं. पहिल्यांदा माफी मागितली, मग विचारलं.

नानांनी चहा बशीत ओतला. "पंचवीस वर्षं मी त्या फोटोपुढे एकटा बसून हा रंग कोणता असेल म्हणून विचार करतोय," ते म्हणाले. "हिची आई सुद्धा शेवटी म्हणायची, पुरे झालं. तुम्ही अख्ख्या सेक्टरला त्यावर भांडायला लावलंत. मला सोबत झाली." मग त्यांनी बशी फुंकली. त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "बाकी तुम्हाला रंगातलं ओ की ठो कळत नाही. ॲल्युमिनियमला रेड लेड लावतात का कोणी? खातं ते. एकदोन वर्षांत विमान सडेल. ताबडतोब खरवडून काढा."

मी म्हटलं, काढतो. पण गोजराबाईला कोण सांगणार?

ज्या माणसानं आयुष्यभर मोठमोठ्या साहेबांना "हे विमान आज उडणार नाही" असं तोंडावर सांगितलं, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा गडबडलेला पाहिला. नानांनी बशी दोन्ही हातांनी तोंडापाशी नेली.

"ते तुम्ही बघा, जावईबापू," ते बशीआडून म्हणाले.